सात अक्षरांतून लांबलचक इंग्रजी शब्द कसे काढायचे? (उत्तर नको, रीत सांगा)

स्टेनोबाई:

नमस्कार मंडळी. प्रश्न खेळातला आहे. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी धागा हलवावा.

माझी पुतणी न्यू जर्सीला असते. तिला न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बीचं वेड आहे आणि आता तिने ते माझ्याही मागे लावलंय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पोळ्यातली असतात तशी सात षटकोनी घरं, एकेका घरात एकेक अक्षर. मधलं अक्षर शब्दात यायलाच हवं. शब्द कमीत कमी चार अक्षरी. एकच अक्षर हवं तितक्या वेळा घ्या, कुणी अडवत नाही. चार अक्षरी शब्दाला एक गुण, त्याहून मोठ्याला जितकी अक्षरं तितके गुण. सातही अक्षरं ज्यात आली तो पॅनग्राम, त्याला वर सात गुण बक्षीस. टाइम्सच्या रविवारच्या छापील पुरवणीत हे २०१४ पासून येत होतं, २०१८ पासून फोनवर रोज नवं येतं.

रोजच्या कोड्याने पोट भरत नाही म्हणून ही मुलगी स्वतः कोडी बनवून मला व्हॉट्सॲपवर पाठवते. परवाचं असं: मध्ये ओ, भोवती ए, सी, आय, एल, एन, टी.

मला सापडलेले: टोल (नाशिकहून मुंबईला जाणाऱ्याला तो आधी दिसणारच), लोन, कोट, कॉटन, लोकल, टॉनिक, लोशन, नेशन, नॅशनल. इथे गाडी अडली. तिचा मेसेज, "काकू, यात बारा अक्षरी शब्द आहे, आणि तो तुला माझ्यापेक्षा चांगला माहितीय."

माझं इंग्रजी पाचवीपासूनचं. आमच्या वेळी मराठी शाळांत तसंच होतं, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. पण पुढे टायपिंगची ३० आणि ४० ची परीक्षा, मग इंग्रजी शॉर्टहँड, आणि निवृत्त होईस्तोवर कामगार न्यायालयात स्टेनो. त्यामुळे स्पेलिंग कच्चं आहे असं कुणी म्हणू नये. शब्द कानावर पडला की बोटं तो टाइप करून मोकळी होतात. पण सुटी अक्षरं पुढ्यात टाकली की ढिम्म काही दिसत नाही. शब्दसंग्रह वाढवा, रोज डिक्शनरीचं एक पान वाचा, हे सल्ले नकोत. जे शब्द आधीच डोक्यात आहेत ते बाहेर कसे काढायचे, एवढंच विचारतेय.

बोका_पुणे:

गूगलवर वर्ड फाइंडर टाका, अक्षरं भरा, खाली यादी येते. दोन सेकंदांचं काम.

स्टेनोबाई:

बोकोबा, दोन सेकंदांत संपवायचं असतं तर पुतणीलाच विचारलं असतं की.

लेस्टरकर:

ताई, मी इंग्लंडात लेस्टरला एका केअर होममध्ये काम करतो. दुपारी आमच्या हॉलमध्ये काउंटडाउन लागतं. २ नोव्हेंबर १९८२ ला इथलं चॅनल फोर सुरू झालं तेव्हा पहिला कार्यक्रम हाच होता. मूळ कल्पना फ्रेंच टीव्हीवरची. खेळाडू स्वर आणि व्यंजनं मागून नऊ अक्षरं घेतो आणि तीस सेकंदांत सगळ्यात लांब शब्द काढायचा. नऊच्या नऊ वापरली तर अठरा गुण. तुमच्या खेळाशी मोठा फरक असा की इथे अक्षराची पाटी एकदा वापरली की संपली, दुसरा एल हवा तर दुसरा एल आलेला असायला हवा.

आमच्याकडच्या एक आजी आहेत, त्यांना हरवणं कठीण. त्या अक्षरं ओळीत कधी लिहीत नाहीत. कागदावर गोल करून लिहितात, दर वेळी वेगळ्या क्रमाने. ओळीत लिहिलं की डोळा डावीकडून वाचायला लागतो आणि पहिल्या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांतच घुटमळतो. स्पेलिंग बीमध्ये अक्षरं ढवळायचं बटण आहे ते याचसाठी, ते वापरत जा.

दुसरं, आजी आधी शेपटं काढून बाजूला ठेवतात. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, एन-ई-एस-एस, ए-बी-एल-ई. शेपूट बसलं की उरलेल्या अक्षरांत लहानसा शब्द शोधायचा, तो सोपा असतो. तुमच्या सात अक्षरांत एक नामांकित शेपूट सगळंच्या सगळं हजर आहे. नाव घेत नाही, तुम्ही रीत मागितलीत.

स्टेनोबाई:

अहो, शन हुक!

पिटमन शॉर्टहँडवाल्यांना लगेच कळेल. शॉर्टहँडमध्ये आपण आवाज लिहितो, स्पेलिंग नाही. व्यंजनाची रेघ ओढायची, स्वर ठिपक्या-डॅशने, वेग आला की स्वर गाळूनच टाकायचे. आणि शब्दाच्या शेवटी 'शन' आला की रेघेच्या टोकाला एक गोलसर आकडा मारायचा, तो शन हुक. टी-आय-ओ-एन ही चार अक्षरं आम्ही कधी चार म्हणून पाहिलीच नाहीत, एक आकडा होता तो. आय-एन-जीला तर नुसता बारीक ठिपका.

म्हणजे टी-आय-ओ-एन उजवीकडे ठेवायचं. उरले ए, सी, एल, आणि आधीचे चारही पुन्हा वापरता येतात. शनच्या आधी बहुतेक वेळा ए असतोच, म्हणून ए-टी-आय-ओ-एन. आता पुढचा भाग: एल-ओ-सी. लोकेशन! मग अलोकेशन. कोलेशन, हा शब्द कागदपत्रं ताडून पाहताना वापरतात. कोॲलिशन तर रोज टीव्हीवर ऐकतो. लोकेशनला आठ अधिक सात पंधरा गुण, अलोकेशनला सतरा. पोळी भाजून होईपर्यंत चार पॅनग्राम.

बारा अक्षरी मात्र अजून नाही. शोधतेय.

प्रथमेश_हिंजवडी:

काकू, भारी. आता जरा कॉम्प्युटरवाल्याच्या नजरेने बोलतो.

'ही अक्षरं असलेले शब्द' असं म्हटलं की लोक तीन वेगळे प्रश्न एकात कालवतात, मग चुकीची साइट उघडून बसतात. तुमचा प्रश्न: फक्त हीच अक्षरं, कितीही वेळा. स्क्रॅबल या पाट्या मांडून शब्द जुळवायच्या खेळाचा आणि काउंटडाउनचा: हीच अक्षरं, पण जितक्या पाट्या तितकेच वापर. तिसरा: ही अक्षरं असायलाच हवीत, बाकी काहीही आलं तरी चालेल. तिघांची उत्तरं वेगळी.

लिनक्सवर 'वर्ड्स' नावाची एक साधी फाइल मिळते, एका ओळीवर एक शब्द. एनेबल नावाची यादीही फुकट आहे, सुमारे १ लाख ७२ हजार शब्दांची. तुमच्या प्रश्नासाठी ग्रेपला (फाइलमधून हव्या त्या ओळी शोधून देणारी आज्ञा) एवढंच सांगायचं की ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चौकटी कंसातल्या सातांपैकीच अक्षरं हवीत. जे येईल ते पाइपने दुसऱ्या ग्रेपला द्यायचं, ओ नसलेले गाळायला. मग लांबीने क्रम लावायचा. तिसऱ्या प्रकाराला प्रत्येक अक्षराचा एक ग्रेप, एकापुढे एक.

मजा दुसऱ्या प्रकारात आहे. तिथे दर वेळी सगळी यादी चाळत बसायचं नाही. आधीच प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवायची, ती त्या शब्दाची किल्ली. ट्रँगल घ्या: ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी. आता इंटिग्रल घ्या, तीच किल्ली. रिलेटिंग, ऑल्टरिंग, अलर्टिंग, सगळ्यांची तीच. तुमच्या हातातली आठ अक्षरं त्याच क्रमाने लावली की पाचही शब्द एका झटक्यात हाताला लागतात. स्क्रॅबलमधले मुरलेले खेळाडू याला अल्फाग्राम म्हणतात आणि कॉम्प्युटर नसताना डोक्यात हेच करतात.

तुमचं कोडं चालवून पाहिलं. उत्तर सांगत नाही, पण पुतणीला कळवा की माझ्याकडच्या यादीत बारा अक्षरी शब्द एकापेक्षा जास्त आहेत आणि सगळ्यात लांब तेरा अक्षरी आहे.

मंजू_बाई_कोल्हापूर:

मी इंग्रजी शिकवते, सेमी इंग्रजीच्या वर्गांना. स्टेनोबाई, तुम्ही आवाजावर चालता हे तुमचं बळ आहे, पण या कोड्यात तेच आडवं येतंय असं मला वाटतं.

सी पाहिला की मनात काय उमटतं? क. तुमचे आतापर्यंतचे शब्द पाहा: कॉटन, लोकल, टॉनिक, लोकेशन, कोलेशन. सगळीकडे क. पण सीच्या पुढे ई, आय किंवा वाय आला की त्याचा स होतो, आणि तुमच्याकडे आय आहे. तेव्हा सी-आय ही जोडी हातात धरून शोधा. मुलांना मी सांगते की कोडं सोडवताना ओठ मिटा. उच्चार केला की निम्मे शब्द दारातूनच परत जातात. पी-एच, टी-सी-एच, जी-एच यांचंही तसंच, जोडीने बाजूला काढून ठेवायच्या.

आणि शेपूट धरलंत तसं डोकंही धरा. या सातांत सी-ओ-एन आहे, आय-एन आहे, एन-ओ-एन आहे, ए-एन-टी-आय आहे.

स्टेनोबाई:

आय-एनने पहिला फासा पडला: इन्क्लिनेशन. अकरा अक्षरी, अठरा गुण. मग सी-आय धरून कॅल्सिनेशन, हा एका चुन्याच्या भट्टीच्या खटल्यात टाइप केला होता, म्हणून माहीत.

आणि मग सी-ओ-एन, सी-आय.

कन्सिलिएशन!

मंडळी, हसा. तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा १९४७, कलम ४, कन्सिलिएशन ऑफिसर. कलम १२, त्याची कर्तव्यं. मालक आणि युनियन यांच्यात तडजोड घडवायची, नाही जमली तर तो सरकारला अहवाल पाठवायचा, ज्याला आम्ही सगळे फेल्युअर रिपोर्ट म्हणायचो, आणि मग ते प्रकरण आमच्याकडे. आमच्याकडे आलेल्या रेफरन्सच्या पहिल्याच पानावर हा शब्द असायचा. डिक्टेशनला साहेबांनी 'क' उच्चारला की माझी पेन्सिल पुढे निघालेली असायची. बारा अक्षरं, एकोणीस गुण.

पुतणीला फोन केला. ती म्हणाली, तुझ्यासाठीच तो शब्द घेऊन कोडं उलट्या बाजूने बनवलं होतं. लबाड कुठली.

आता प्रथमेश, तुमचे बाकीचे सांगून टाका.

प्रथमेश_हिंजवडी:

ए-एन-टी-आय हे डोकं मंजूबाईंनी दाखवलंच होतं, त्यापुढे कलोनियल जोडा. अँटिकलोनियल, बारा अक्षरं, सातही हजर. कँटिलेशन, ज्यू लोक धर्मग्रंथ एका ठरावीक चालीत म्हणतात ते, तोही बाराचा. अँटिनॅशनलही बसतो, बारा भरतात, पण सी नाही, म्हणून बक्षीस नाही.

तेरा अक्षरी: कोलोकेशनल. भाषाशास्त्रातला शब्द. कोलोकेशन म्हणजे जे शब्द नेहमी जोडीने येतात ते, त्याला ए-एल लावलं की विशेषण.

स्टेनोबाई:

कोलोकेशनल पुतणीने फेटाळला. "काकू, असा शब्द कोण वापरतं?" मी म्हटलं, तुझा कन्सिलिएशन तरी न्यू जर्सीत कोण रोज वापरतं?

लेस्टरकर:

हा वाद जुना आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीतही कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला गाळायचा हे संपादक ठरवतो, आणि डिक्शनरीतला शब्द घेतला नाही म्हणून खेळणारे रोज कुरकुरतात. आणखी एक, त्या कोड्यात एस सहसा देतच नाहीत. दिला तर सगळ्या नामांची अनेकवचनं ओतून लोक गुण लुटतील.

स्क्रॅबलमध्ये मात्र यादी ठरलेली. यादीत आहे तर आहे, अर्थ कुणी विचारत नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. २०२४ ला स्पॅनिशमध्येही तेच केलं. शब्द त्याच्या लेखी नुसता अक्षरांचा जुडगा.

मंजू_बाई_कोल्हापूर:

मला त्या माणसाचं कौतुक वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं. कॅल्सिनेशन म्हटल्यावर स्टेनोबाईंना चुन्याची भट्टी आठवली, त्याला काय आठवत असेल?

प्रथमेश_हिंजवडी:

पन्नास गुण आठवत असतील. सातही पाट्या एकदम लावल्या की स्क्रॅबलमध्ये वर पन्नास मिळतात. :)

बोका_पुणे:

बरं, आता माझंही काम करा. लेकीला शाळेतून सांगितलंय, ए-ई-आय-ओ-यू पाचही स्वर असलेले शब्द लिहून आणा. हा प्रथमेशचा तिसरा प्रकार ना? आणि हो, साइटवर टाकू शकतो, पण ती बाजूला बसलीय आणि "बाबा, चीटिंग" म्हणतेय.

प्रथमेश_हिंजवडी:

हो, तिसरा. सगळ्यात हाताशी असलेला एज्युकेशन. लहानात सिक्वोया, ते कॅलिफोर्नियातलं प्रचंड झाड: एस-ई-क्यू-यू-ओ-आय-ए, सातच अक्षरं आणि त्यात पाच स्वर.

मंजू_बाई_कोल्हापूर:

लेकीला शाळेत भाव खायचा असेल तर फसीशस द्या: एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. पाचही स्वर एकेकदाच आणि ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने. ॲबस्टीमियसही तसाच. दोन्हींना शेवटी एल-वाय लावा, वायही रांगेत येऊन उभा राहतो. उलटा क्रम हवा असेल तर सबकॉन्टिनेंटल: यू, ओ, आय, ई, ए. आपल्या उपखंडाचाच शब्द, तिच्या शाळेतल्या बाईंना आवडेल.

बोका_पुणे:

लेक खूश. सबकॉन्टिनेंटल तिने स्वतः बोट ठेवून तपासला.

स्टेनोबाई:

बोकोबा, लेकीला टाइपरायटरवरचाही एक प्रकार सांगा, आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये नव्या पोरींना दमवायला हाच द्यायचे. कीबोर्डची वरची ओळ, क्यू पासून पी पर्यंत, तेवढ्याच दहा अक्षरांत सगळ्यात लांब शब्द कोणता? टाइपरायटर हा शब्दच त्यात बसतो, दहा अक्षरी. प्रोप्रायटर, परपेच्युइटी, रेपर्टवार हेही दहाचे. नुसत्या डाव्या हाताने टाइप होणारा स्ट्युअर्डेसेस, बारा अक्षरी, उजवा हात चहा प्यायला मोकळा.

यावरून पुतणीला परतफेडीचं कोडं धाडलंय. सातही अक्षरं वरच्या ओळीतली: मध्ये टी, भोवती ई, आय, ओ, पी, आर, वाय. पॅनग्राम आहे, नऊ अक्षरी. तुम्हीही बसा. प्रथमेश, ग्रेप बंद.

प्रथमेश_हिंजवडी:

बंद. प्रॉपर्टी, पॉटरी, टेरिटरी, प्रोटोटाइप. नऊचे दोन मिळाले, पण एकात पी नाही, दुसऱ्यात आय नाही.

लेस्टरकर:

प्रायॉरिटी. ई राहिला. रेपर्टरी. आय राहिला. आजींना दाखवतो उद्या.

बोका_पुणे:

लेक विचारतेय, क्लू?

स्टेनोबाई:

प्रथमेशच्या प्रॉपर्टीच्या अगदी शेजारचा आहे, डोकं तेच, शेपूटही तेच. आमचे एक जज्जसाहेब भर कोर्टात कुणी आवाज चढवला की हाच शब्द उच्चारायचे.